जाम झालेला स्क्रू: तेल की उष्णता?

विदर्भातल्या जुन्या घरांत सागवानी दारांच्या कब्ज्यांवर दर दोन-चार दिवाळ्यांना ऑइल पेंटचा एक थर चढतो आणि स्क्रूची खाच त्याखाली बुजते. कोणताही उपाय करण्याआधी हॅक्सॉ ब्लेडच्या तुटक्या तुकड्याने ती खाच खरवडावी आणि डोक्याभोवतीचा रंग धारदार पात्याने कापून घ्यावा. तसे न करता पेचकसावर जोर लावला, तर खाचेच्या कडा झिजतात आणि दोन्ही उपाय निकामी ठरतात.

गंज सोडवणारे तेल विहिरीवरच्या मोटारपंपाच्या बोल्टांना उत्तम, कारण तिथे लोखंडात लोखंड अडकलेले असते आणि रात्रभरात तेल आट्यांपर्यंत मुरते. दारात मात्र आटे लाकडात रुतलेले असल्यामुळे बरेचसे तेल लाकूडच पिते, डाग पडतो आणि पुढे त्या जागी रंग धरत नाही.

म्हणून दारासाठी माझा कौल उष्णतेला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक डोक्यावर दोन-तीन मिनिटे टेकवले की लोखंड प्रसरण पावते, निवताना आकसते आणि गंजाची पकड सुटते. आमच्या मागच्या दाराच्या खालच्या कब्ज्याचे, पावसाच्या शिंतोड्यांनी गंजलेले तीन स्क्रू असेच ‘कट्’ आवाज करून सुटले. चौथ्याचे डोकेच तुटले.

तेल लावलेल्या स्क्रूला मात्र उष्णता देऊ नये, ते पेट घेऊ शकते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचे थर असतील, तर त्यांत विषारी शिसे जास्त असू शकते, म्हणून ते तापवण्याऐवजी ओले करून खरवडावेत.