बाथरूमची लादी: मॅट की ग्लॉसी?

जमिनीपुरता हा प्रश्न माझ्या लेखी कधीच निकालात निघालाय. मुंबईतल्या फ्लॅटचं बाथरूम म्हणजे चार बाय सहा, फार तर पाच बाय सात. बादली कलंडली की दारापर्यंत सगळं ओलं. अशा जागी खाली ग्लॉसी लादी असली आणि तिच्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब सांडले, की सत्तरीच्या आजी असोत नाहीतर विशीतला नातू, दोघांची गत एकच. खाली मॅटच घ्या. दुकानदार नुसतं ‘अँटी-स्किड’ म्हणाला तर आर-१० किंवा आर-११ लिहिलेलं दाखवायला सांगा. पायाला मिळणाऱ्या पकडीची ही मोजपट्टी आर-९ पासून आर-१३ पर्यंत जाते. वरच्या टोकाच्या लाद्या कारखान्यांसाठी. घरात पुसायला घेतल्या तर फडक्याच्या चिंध्या होतील. आणि लाजू नका, नमुन्यावर पाणी ओता, चप्पल काढा, टाच फिरवून बघा.

जमिनीला आकार लहानच बरा, फूट बाय फूट. मोठी लादी नहाणी ट्रॅपकडे नीट उताराने बसत नाही, मग कोपऱ्यात पाणी साचतं.

खरी घासाघीस भिंतींची, दोन्ही अर्थांनी.

आपल्याकडे बाथरूमची खिडकी बहुधा डक्टमध्ये उघडते. भर दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. तिथे फिकट ग्लॉसी लादी आहे तेवढा उजेड खोलीभर फिरवते, मॅट तो गिळून टाकते. साबणाचा थरही ग्लॉसीवरून ओल्या फडक्याने निघतो; मॅटच्या बारीक खरखरीत तो रुतून बसतो आणि ब्रश घ्यावा लागतो. ग्लॉसीची खोड एकच, वाळलेला प्रत्येक थेंब दिसतो. पालिकेचं पाणी असेल तर फारसा त्रास नाही. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर आंघोळीनंतर वायपर मारायची सवय लावून घ्या.

मॅटवर थेंब दिसत नाहीत, हे अर्धसत्य. मी स्वतः शोरूमच्या दिव्यांखाली भाळून गडद करड्या मॅट लाद्या थेट छतापर्यंत लावल्या. मे महिन्यात सोसायटीत टँकर सुरू झाले आणि नळाखाली पांढरे उभे ओघळ उमटले, चुन्याने रेघा ओढल्यासारखे. वैतागून ॲसिड टाकलं. ओघळ गेले, पण जॉइंटमधलं सिमेंटही खाल्लं गेलं, आणि पावसाळ्यात त्या फटींत काळी बुरशी धरली. तेव्हा भिंतीला मॅटच हवी असेल तर रंग बेज किंवा फिकट राखाडी घ्या आणि जॉइंट इपॉक्सीने भरून घ्या. महाग पडतं, मिस्त्रीही कुरकुरतो, पण ते पाणी पीत नाही. मधला मार्ग सॅटिन फिनिशचा. ज्यांना चकाकी डोळ्यांत खुपते त्यांनी तो जरूर बघावा.

भावाचं म्हणाल, तर एकाच जातीच्या आणि आकाराच्या मॅट-ग्लॉसीत निर्णय फिरावा एवढा फरक क्वचितच असतो. जात मात्र बघा. भिंतीची सिरॅमिक लादी पाणी बऱ्यापैकी शोषते, भिंतीवर ते चालतं. उरली म्हणून तीच जमिनीला लावू नका, तिथे पाणी जवळपास न पिणारी व्हिट्रिफाइडच.

शिवाय दोन्हींचं एकेक खोकं जास्तीचं आणून पलंगाखाली सरकवा. उद्या प्लंबरने भिंत फोडली, तर त्याच नंबरची लादीसुद्धा दुसऱ्या लॉटमधली आली की रंगाला जुळत नाही.