"18 तासांत न्यूयॉर्क" सांगून आई-बाबांना विकलेलं तिकीट

उन्हाळ्यात मुला-नातवंडांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांची तिकिटं ज्यांना काढायची असतील, त्यांनी हे जरूर वाचा. दादरच्या एका एजंटाने आमच्या घरी जे केलं, ते आणखी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

ताई न्यू जर्सीला असते. बाबा सत्तरीच्या पुढचे, इन्सुलिनवर. म्हणून एजंटाला आधीच बजावलं होतं की चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण प्रवास कमीत कमी तासांचा हवा. "काका, निर्धास्त राहा. फ्रँकफर्टला एकदाच विमान बदलायचं, 18 तासांत न्यूयॉर्क!" असं म्हणत त्याने लेटरहेडवर टाइप केलेला कागद बाबांच्या हातात ठेवला. मुंबईहून सुटणार रात्री 2:00, न्यूयॉर्कला पोहोचणार त्याच तारखेला रात्री 8:00. एकूण वेळ 18 तास.

हे 18 आले कुठून, तर दोन घड्याळांच्या वेळा सरळ वजा करून. पण 2:00 मुंबईचे आणि 8:00 तिथले. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे खरा प्रवास 27 तास 30 मिनिटांचा! रोज हाच धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, हे मला पटत नाही. मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर. ताशी 900 चा वेग धरला तरी 14 तास होतात, आणि जाताना वारा समोरून असतो, त्यामुळे कुठेही न थांबणाऱ्या विमानालाही 15-16 तास लागतात. फ्रँकफर्टपर्यंत सुमारे 9 तास, पुढे तेवढेच. उरलेले साडेनऊ तास या दोघांनी विमानतळावर बसून काढायचे, आणि त्याबद्दल कागदावर अक्षरही नव्हतं.

खरा घात कळला तो मुंबईच्या सहार विमानतळावर, टर्मिनल 2 ला. काउंटरवरची मुलगी बॅगेला टॅग लावता लावता थांबली. "काकू, सामान फ्रँकफर्टपर्यंतच जाईल. पुढचं तिकीट वेगळं आहे. तुमच्याकडे शेंगेन व्हिसा आहे का?" एजंटाने दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं जोडून एकच प्रवास म्हणून विकला होता. बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करायचं तर इमिग्रेशनच्या बाहेर यायला हवं, आणि त्यासाठी तिथला, म्हणजे जर्मनीसारख्या युरोपीय देशांचा शेंगेन व्हिसा लागतो. नुसत्या अमेरिकेच्या व्हिसावर ते होत नाही. व्हीलचेअरची नोंदही पहिल्याच तिकिटावर होती. आई इन्सुलिनचं थंड पाऊच छातीशी धरून उभी होती आणि बाबा त्या मुलीला पुन्हा पुन्हा तो लेटरहेडचा कागद दाखवत होते. मध्यरात्री दोघांना घरी परत आणावं लागलं. एजंटाचं दुसऱ्या दिवशीचं उत्तर: तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, व्हिसा बघणं आमचं काम नाही.

एजंटाने टाइप केलेल्या कागदावर पैसे देऊ नका. विमान कंपनीचं ई-तिकीट मागा, त्यावर 13 आकडी तिकीट क्रमांक असतो. पीएनआर आणि आडनाव कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरखाली दिसले पाहिजेत, आणि प्रत्येक टप्प्याचे खरे तासही तिथेच कळतात. बॅगा शेवटपर्यंत जाणार का, हे कंपनीलाच फोन करून विचारा.

फसवणूक झालीच असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं अजिबात डिलीट करू नका. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे एजंटाचं दुकान दादरला असलं तरी डोंबिवलीच्या माणसाला ठाण्याच्या आयोगात जाता येतं.