सायलॅब + मराठी स्पोकन ट्युटोरियल : सिव्हिलवाल्यांनी नक्की बघा

मी थर्ड इयर सिव्हिलला आहे. न्युमेरिकल मेथड्स (समीकरणं थेट न सोडवता आकडेमोड करत उत्तराच्या जवळ जायच्या पद्धती) विषय लागला तेव्हा कोडिंगचं नाव काढलं तरी पोटात गोळा यायचा. त्याआधी एका क्लासला पैसे भरून सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो होतो, दोन महिने नुसते स्टारचे पिरॅमिड आणि प्राइम नंबर, त्यात ना कुठे कॅनॉल ना कुठे बीम, मग डोक्यात बसणार कसं?

मग एका सीनियर दादाने आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ प्रकल्पातली सायलॅबची सिरीज बघायला सांगितली. सायलॅब म्हणजे गणिती आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, मूळचं फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतलं, पूर्ण फुकट, क्रॅक वगैरे शोधायची भानगडच नाही, विंडोज लिनक्स दोन्हीवर चालतं. व्हिडिओ साधारण दहा-दहा मिनिटांचे. स्क्रीनवर सगळं इंग्रजीत पण आवाज मराठीत, आणि हे माझ्यासाठी फार मोठं होतं कारण बारावीपर्यंत गणित मी मनातल्या मनात मराठीतच करत आलोय. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला सायलॅब उघडं, दोन ओळी ऐकायच्या, पॉज करायचा, स्वतः टाइप करायचं. नुसतं बघत बसलात तर काहीही येणार नाही.

खरी मजा बायसेक्शनला आली, म्हणजे उत्तर ज्या दोन टोकांच्या मध्ये आहे ते अंतर दर फेरीला अर्धं करत जायची पद्धत. व्हिडिओतलं उदाहरण झाल्यावर मी आमचा हायड्रॉलिक्सचा प्रश्न घातला, ३ मीटर रुंद आयताकृती कॅनॉल, डिस्चार्ज ६ क्युमेक (सेकंदाला ६ घनमीटर पाणी), मॅनिंगचा एन (कॅनॉलचा खडबडीतपणा) ०.०१५, उतार हजारात एक, नॉर्मल डेप्थ, म्हणजे एकसारख्या प्रवाहात पाण्याची खोली, किती? मॅनिंगच्या सूत्रातून खोली थेट सुटत नाही, परीक्षेत आपण कॅल्क्युलेटर बडवत अंदाजाने काढतो. इथे ०.५ आणि २.५ मीटर अशा दोन टोकांपासून सुरुवात केली. पहिला मध्य दीड, डिस्चार्ज ७.८३, म्हणजे जास्त. पुढचा एक मीटर, ४.५०, कमी. मग सव्वा, ६.१२, जवळ आलो! अकराव्या फेरीला दोन टोकांतलं अंतर एका मिलिमीटरच्या आत आणि उत्तर १.२३ मीटर. तो आकड्यांचा रकाना स्क्रीनवर खाली खाली सरकताना बघितला तेव्हा लूप म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. नंतर डेरिव्हेटिव्ह वापरून उत्तराकडे जाणारी न्यूटन-राफसन पद्धतही स्वतः लिहिली, त्यात सुरुवातीची खोली शून्य दिली की डेरिव्हेटिव्हच शून्य होतो आणि भागाकार अडकतो. पुस्तकात इनिशियल गेस नीट निवडा एवढंच असतं, का ते इथे समजलं.

एकत्र बरीच समीकरणं सोडवणाऱ्या गाउस एलिमिनेशन, जॅकोबी, गाउस-सायडेल, शिवाय इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशनसाठी ऑयलर, सगळ्याचे व्हिडिओ आहेत. ट्रस (दांड्या जोडून केलेला सांगाडा) सोडवायला तर समीकरणांचं मॅट्रिक्स ए आणि उजवी बाजू बी घेऊन ए बॅकस्लॅश बी एवढं लिहिलं की सगळे मेंबर फोर्स समोर. फक्त त्याच कामाचं सायलॅबचं लिनसॉल्व्ह हे फंक्शन वापरत असाल तर सांभाळून, ते ए एक्स प्लस बी बरोबर शून्य असं धरून सोडवतं, त्यामुळे बी चं चिन्ह बदलून द्यायचं, नाहीतर टेन्शनमधला मेंबर कॉम्प्रेशनमध्ये दिसेल आणि आकडा बरोबर असल्यामुळे शंकाही येणार नाही. हे हेल्पमध्ये स्पष्ट लिहिलंय पण आपण हेल्प उघडतोच कुठे.

कमी काय वाटलं सांगायचं तर मेथड मुळात का चालते, एरर किती वेगाने कमी होतो हे यातून फारसं मिळत नाही, त्यासाठी वर्गातल्या नोट्स आणि पुस्तक हवंच. आणि नोकरीच्या दृष्टीने पुढे पायथन शिकावं लागेलच, मीही आता सुरू केलंय, पण तिथे मला लूप आणि फंक्शन नव्याने शिकावं लागलं नाही, फरक इतकाच की सायलॅबमध्ये मोजणी १ पासून असते आणि पायथनमध्ये ० पासून.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. सेकंड इयरच्या सुट्टीतच सुरू करा, रोज एक व्हिडिओ आणि त्याच दिवशी आपल्या विषयातलं एक गणित त्यात घालून बघा. आयआयटी बॉम्बेच्याच फॉसी प्रकल्पात बऱ्याच पुस्तकांतल्या सोडवलेल्या उदाहरणांचे सायलॅब कोड फुकट ठेवलेत, अडलात तर तिथे बघा, पण आधी अर्धा तास स्वतः झगडून मग.