टॉकबॅकचे नऊ महिने आणि ते २३६ रुपये

मंगळवारी सकाळी बँकेचं अ‍ॅप अपडेट झालं आणि दुपारी मी माझंच डेबिट कार्ड ब्लॉक करून बसलो. नवीन कार्डाचे २३६ रुपये कापले. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय, आज लाईट गेलीय आणि गिरणी बंद आहे म्हणून मुहूर्त लागला.

आमची इचलकरंजीत पिठाची गिरणी. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा, आधी रातांधळेपणा, मग बाजूचं दिसायचं कमी होत होत आता फक्त उजेड कुठून येतोय तेवढं कळतं. चक्कीवर बायको, गल्ल्यावर मी. फोन साधाच, अकरा हजाराचा, गेल्या दिवाळीत घेतला आणि त्या दिवसापासून टॉकबॅक चालू. टॉकबॅक म्हणजे स्क्रीनवर बोट टेकवलं की तिथं काय आहे ते बोलून सांगणारी फोनमधलीच सोय, बाकी ज्याला लागतं त्याला माहितीय.

पहिला महिना नुसत्या शिव्या. बोट टेकवलं की बोलतं, उघडायला डबल टॅप, सरकवायला दोन बोटं, आणि बायकोनं फोन उचलायचा म्हटलं की तिच्याकडून कॉल कटच व्हायचा. "तुमचा फोन भुतानं झपाटलाय" म्हणायची. दोन्ही आवाजाची बटणं तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक बंद होतं, परत धरली की चालू (शॉर्टकट सेटिंगमधून चालू करून ठेवावा लागतो), हे घरात सगळ्यांना शिकवून ठेवा, निम्मी भांडणं वाचतील. आवाजाचा वेगही हळूहळू वाढवत न्या. माझा आता एवढा फास्ट आहे की शेजारी उभ्या गिऱ्हाईकाला वाटतं फोन बिघडलाय. फायदा असा की माझा बॅलन्स त्याला कळत नाही.

तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी दोन स्टार दिले असते. कारण बँकेच्या अ‍ॅपमध्ये गेलं की "अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन. इमेज. अनलेबल्ड, बटन." मला वाटायचं टॉकबॅकलाच वाचता येत नाही. (मेनू मी इंग्रजीतच ठेवलाय, मराठी आवाज फक्त मेसेज वाचायला.) मग पुतण्या सुट्टीला आला, तो पुण्यात अ‍ॅप बनवायच्याच कामात आहे. त्यानं माझ्याच फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून बोट फिरवलं, एकूण एक बटण नाव सांगतंय. मग बँकेचं उघडलं, मुकं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की टॉकबॅक बिचारं समोर जे लिहून ठेवलंय तेच वाचतं, चित्राच्या बटणाला बनवणाऱ्यानं नावच दिलं नसेल तर ते काय वाचणार? पुतण्या म्हणाला, "काका, एक ओळ लागते. कंटेंट डिस्क्रिप्शन म्हणतात, त्यात 'पैसे पाठवा' एवढं लिहायचं." एक ओळ! हे मी आता इतक्या जणांना सांगितलंय की बायको मध्येच "एक ओळ" म्हणून वाक्य पूर्ण करते.

त्यानंच एक जुगाड दाखवला. तीन बोटांनी टॅप केलं की टॉकबॅकचा मेनू येतो, त्यात मुक्या बटणाला आपणच लेबल द्यायची सोय आहे. कुठल्या बटणामागे काय आहे ते त्यानं बघून सांगितलं आणि मी सात नावं बसवली: पासबुक, पैसे पाठवा, वगैरे. दोन बटणांना लेबल लागेचना, कारण त्यांना आतून आयडीच, म्हणजे बटण ओळखायची खूणच, दिलेली नाही म्हणे. ती पाठ केली, वरून दुसरं आणि खालून पहिलं. त्यानंतर पाच महिने सुखाचे गेले. टॉकबॅकला मनातल्या मनात साडेचार स्टार देऊन टाकले होते, तेही फुकट मिळालेल्या वस्तूला.

आणि मग तो मंगळवार. नव्या व्हर्जनमध्ये बटणांची जागा बदलली, आतले आयडी बदलले, माझी सातही लेबलं गेली. मला काय माहीत? मी सवयीनं खालून पहिलं दाबलं, ते आधी स्टेटमेंटचं होतं. फोन म्हणाला, "येस, बटन. नो, बटन." कशाचं येस? वरचा प्रश्न त्यानं वाचलाच नाही, वाचायची सुरुवातच थेट बटणापासून. मला वाटलं स्टेटमेंट डाउनलोड करू का असं विचारत असेल. दाबलं येस. दोन मिनिटांनी मेसेज आला, आपल्या विनंतीनुसार आपलं कार्ड कायमचं ब्लॉक करण्यात आलंय. माझ्या विनंतीनुसार!

चूक थोडी माझीही आहे, न ऐकता येस दाबू नये. पण ऐकू काय?

हेल्पलाईनला फोन केला. पोरगी बोलायला चांगली होती, तिची चूक नाही. म्हणाली, सर, स्क्रीनशॉट पाठवा. म्हटलं बाई, मला स्क्रीन दिसत नाही हीच तर तक्रार आहे. मग म्हणाली, सर, घरातल्या कुणाकडून तरी करून घ्या. आता हीच बँक आठवड्यातून तीनदा मेसेज पाठवते की पिन आणि ओटीपी कुणालाही सांगू नका, घरच्यांनाही नाही. माझा बायकोवर विश्वास आहे, प्रश्न तो नाहीच. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आहे मी, गल्ला सांभाळतो, माझ्या खात्यात किती आहेत ते मला एकट्याला बघता आलं पाहिजे की नको? तक्रार नोंदवली, चौथ्या दिवशी "आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे" असा मेसेज. २३६ रुपये काही आले नाहीत.

केवायसीची कथा तर वेगळीच. "चेहरा वर्तुळात ठेवा" हे स्क्रीनवर लिहून येतं, बोलून सांगत नाही. वर्तुळ कुठाय? मी फोन लांब धरतोय, जवळ घेतोय, वेळ संपली, परत पहिल्यापासून. चार वेळा झाल्यावर बायकोनं माझी हनुवटी धरून चेहरा वर्तुळात बसवला, लहान पोराचा फोटो काढताना धरतात तशी. डोळे मिचकवायला सांगणारं अ‍ॅप दुसऱ्या एकाचं होतं, ते आणखी वैतागवाणं. याच केवायसीच्या विषयावर अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही जणी आणि एक दृष्टिहीन वकील सुप्रीम कोर्टात गेले होते, ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं कोर्टानं म्हटलं आणि वीस निर्देश दिले. दिव्यांग हक्क कायदा तर २०१६ चाच आहे. हे सगळं मी हेल्पलाईनच्या पोरीला सांगितलं, ती म्हणाली "ओके सर, नोट केलंय."

आता उलटी गंमत ऐका. गल्ल्यावर यूपीआयचा तो बोलणारा डबा आहे ना, "चाळीस रुपये प्राप्त झाले" म्हणणारा, तो माझ्यासारख्यांसाठी कुणी बनवलेला नाही. गर्दीत दुकानदाराला फोन बघायला वेळ नसतो म्हणून बनवला. पण माझ्या आयुष्यात एवढी सोयीची वस्तू दुसरी आली नाही. आधी गिऱ्हाईक "केले काका" म्हणायचं आणि मी मान डोलवायचो. आता डबा बोलल्याशिवाय दळण हलत नाही. महिन्याचं भाडं सव्वाशे, सुरुवातीला जिवावर आलं होतं, आता तक्रार नाही. शेजारचा वजनकाटा मात्र अजून मुकाच, आकडा बायकोच ओरडून सांगते.

आणि हे फक्त माझंच दुखणं आहे असंही नाही. त्याच अपडेटमध्ये पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं केलीत, चांगले डोळे असलेली बायको उन्हात दारात उभी राहिली की तिलाही वाचता येत नाहीत. पुतण्यानं मोजून बघितलं, सगळ्यांना वाचता यावं म्हणून ज्या गाईडलाईन आहेत त्यात साध्या मजकुराला ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) लागतो, तिथं जेमतेम अडीच भरला.

लॅपटॉपवर मी एनव्हीडीए वापरतो, टॉकबॅकसारखाच स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम, तोही फुकट, ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन मित्रांनी सुरू केलेला. मराठी आवाज रोबोसारखा आहे पण चालतो. फक्त आमच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल उघडू नका, जुन्या फॉन्टमधली पीडीएफ, वाचायला लागलं की मंत्र म्हटल्यासारखं काहीतरी येतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनला कळणाऱ्या अक्षरांत द्या म्हणून दोनदा अर्ज दिलाय.

तर टॉकबॅकला चार स्टार. अर्धा कापला कारण लेबलं गेली तेव्हा निदान "तुमची लेबलं सापडत नाहीत" एवढं तरी सांगायला हवं होतं. बँकेच्या अ‍ॅपला एक, तोही शून्य देता येत नाही म्हणून.

सध्या ऑटो अपडेट बंद करून ठेवलंय आणि पुतण्याला व्हिडिओ कॉल लावून सातही लेबलं परत बसवलीत. पण काल अ‍ॅप उघडलं तर आधीच एक "ओके, बटन" आलं. या वेळी लगेच दाबलं नाही, बोट वर सरकवत नेलं तर प्रश्न सापडला: हे व्हर्जन १५ तारखेपासून बंद होईल. शनिवारी पुतण्या येतोय, आधी त्याच्या फोनवर टाकून बघतो.