कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर (२०१९) – खेळ म्हणून अव्वल, प्रचार म्हणूनही अव्वल

आधी सरळ हिशेब. बंदूक हातात असल्याचा भास देण्यात या गेमचा हात धरणारे आजही फार थोडे आहेत. इन्फिनिटी वॉर्डने ऑक्टोबर २०१९ मध्ये तो आणला. त्यानंतर याच मालिकेचे कितीतरी भाग येऊन गेले, तरी मॅगझीन बदलतानाचा खटका, बंद खोलीत आणि उघड्यावर वेगवेगळा घुमणारा आवाज, चौकटीला टेकवली की स्थिर होणारी नळी, यासाठी मी परत इथेच येते. डिस्कवरची जागा मात्र बेसुमार खातो. पीसीवाल्यांना कंपनीने पहिल्या दिवसापासून १७५ जीबी मोकळे ठेवायला सांगितले होते.

पण फ्रेमरेट आणि ग्राफिक्सवर लिहिणारे ढिगाने आहेत. गेले कित्येक महिने मी हा गेम खेळतेय, कॅम्पेन (एकट्याने खेळायची कथा) परत परत, मल्टिप्लेअर (ऑनलाइन खऱ्या खेळाडूंविरुद्धच्या लढती) जवळजवळ रोज, आणि अधूनमधून त्याच जातीचे दुसरे गेम. या सगळ्या काळात डोक्यात एक किडा वळवळत होता: गेम हे राजकीय किंवा लष्करी प्रचाराचं साधन होऊ शकतं का? माझं उत्तर 'हो' आहे. फक्त लोक ज्या जागी तो प्रचार शोधतात, म्हणजे कथेत आणि संवादांत, तिथे तो सगळ्यात लेचापेचा असतो. खरा माल नियमांत भरलेला असतो: कुणावर गोळी चालते, कुणावर नाही, आणि चालवल्यावर पुढे काय होतं.

कथेचं आधी उरकते, कारण या गेमवर सगळ्यात जास्त बोंब त्यावरूनच झाली. उर्झिकस्तान नावाचा काल्पनिक देश, त्यावर चढाई केलेले रशियन, आणि त्यांच्याशी लढणारी फराह. 'हायवे ऑफ डेथ' नावाच्या मिशनमध्ये आपण लांब पल्ल्याची रायफल घेऊन उंचावर आडवे पडलेलो असतो, खाली जळून काळ्या पडलेल्या गाड्यांची रांग. आक्रमणाच्या वेळी पळून जाणाऱ्या लोकांवर रशियनांनी इथे बॉम्ब टाकले, असं फराह सांगते. आता हे नाव काही लेखकाला सुचलेलं नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेतहून बसऱ्याकडे जाणाऱ्या हायवे ८० वर माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यांना अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या विमानांनी भाजून काढलं, तेव्हापासून त्या रस्त्याला हे नाव पडलं. गेमने नाव ठेवलं, जळक्या गाड्या ठेवल्या, आणि बॉम्ब टाकणारा तेवढा बदलला. रशियात यावरून गदारोळ झाला, तिथल्या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानात तर गेम विक्रीलाच आला नाही.

लबाडी उघड आहे, पण मला विचाराल तर ती फारशी मुरत नाही. मल्टिप्लेअरवाले अर्धे लोक कॅम्पेन इन्स्टॉलच करत नाहीत. जे करतात ते संवाद सुरू झाला की स्किपचं बटण दाबून धरतात. शिवाय अशी चोरी पकडली जाते. गेम आल्या आल्या लोकांनी १९९१ चे फोटो शेजारी ठेवून ती दाखवून दिली. १९९१ नंतर जन्मलेल्या कितीतरी पोरांना त्या रस्त्याची माहिती या भांडणामुळेच झाली असेल.

'क्लीन हाउस'चं तसं नाही. हे मिशन मी सगळ्यात जास्त वेळा खेळले आहे, आणि गेममधला सर्वोत्तम भागही तोच. लंडनमधल्या हल्ल्यानंतर आपण ब्रिटिश कमांडोंबरोबर एका उंच, अरुंद घरात रात्री शिरतो. दिवे बंद, डोळ्यांवर नाइट व्हिजन, सगळं हिरवं. जिना करकरतो. दाराआड कुणीतरी कुजबुजतं. एका खोलीत बाई बाळाकडे झेपावते. तिथे गोळी घालायची नाही. अगदी वरच्या खोलीतली बाई 'मला कोंडून ठेवलंय' अशा सुरात विनवण्या करते आणि बोलता बोलता तिचा हात स्फोटकाच्या बटणाकडे जातो, तिथे घालायची. थांबलात तर सगळे मरतात आणि मिशन परत सुरू. पहिल्यांदा घाम फुटतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कोणती बाई खरी आणि कोणती खोटी हे पाठ झालेलं असतं आणि आपण जिना चढता चढता पुढच्या दारावर नेम धरून ठेवतो.

गेमच्या बाजूने बोलणारे म्हणतात, बघा, केवढी नैतिक गुंतागुंत दाखवली आहे. दाखवली आहे, कबूल. पण एक शक्यता या घरात नाहीच: घरच चुकीचं असण्याची. खबर पक्की, पत्ता बरोबर, वरच्या खोलीतल्या बाईवरचा संशय खरा. अफगाणिस्तानातल्या रात्रीच्या छाप्यांबद्दल तिथल्या लोकांची मुख्य तक्रार हीच होती, की चुकीच्या खबरीवर चुकीच्या घरात शिरून माणसं मारली जातात. खुद्द राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई वर्षानुवर्षं हे छापे थांबवा म्हणत होते. गेममध्ये सैनिकाला अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यावा लागतो हे आपण हातांनी शिकतो, आणि त्याला तिथे कुणी आणि कशाच्या जोरावर पाठवलं हा प्रश्न विचारायला बटणच नाही. एवढी परिणामकारक बाजू कुठल्याही लष्कराच्या प्रवक्त्याला कधी मांडता आली असेल असं वाटत नाही. आणि यासाठी कुणी वरून हुकूम सोडावा लागत नाही. चुकीचं घर निघालं तर खेळणारा चिडतो. चिडलेला खेळाडू पुढचा भाग विकत घेत नाही.

मल्टिप्लेअरमध्ये विचारधारा औषधालाही नसते, तरी एक गोष्ट टोचते. न मरता सलग १० जणांना टिपलं की बक्षीस म्हणून व्हाइट फॉस्फरस मिळतं. वरून जळते तुकडे पडतात, धूर पसरतो, सगळे खोकू लागतात, दिसेनासं होतं. मग राउंड संपतो. फॉस्फरस कातडीला चिकटून जळत राहतो. २००४ मध्ये इराकमधल्या फलुजाच्या लढाईत तो शस्त्र म्हणून वापरल्याचं अमेरिकेने पुढच्या वर्षी मान्य केलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. इथे तो गणवेशाला लावायच्या बिल्ल्याच्या पंगतीत बसतो. हेच शस्त्र २०१२ च्या 'स्पेक ऑप्स: द लाइन'मध्येही आहे. तिथे लॅपटॉपच्या पडद्यावर वरून दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांवर आपण मारा करतो, काचेत आपल्याच पात्राचा चेहरा हलका दिसत असतो, आणि नंतर गेम आपल्याला त्या जळलेल्या माणसांमधून चालायला लावतो. ठिपक्यांचा सगळ्यात मोठा घोळका सैनिकांचा नव्हताच. तो गेम फारसा खपला नाही, हेही सांगायला हवं.

याउलट ज्यांनी लपवाछपवी न करता प्रचार म्हणूनच गेम काढले त्यांचं काय झालं? यातला सगळ्यात हुशार 'अमेरिकाज आर्मी'. अमेरिकी लष्कराने स्वतःच्या पैशाने बनवून घेतला, ४ जुलै २००२ ला फुकट वाटला आणि ५ मे २०२२ ला त्याचे सर्व्हर बंद केले. चालू होता तेव्हा मी बराच खेळले. रक्त जवळजवळ नाही, त्यामुळे १३ वर्षांच्या पोरांनाही मोकळा. मेडिक व्हायचं तर आधी वर्गात बसून प्रथमोपचाराचं व्याख्यान ऐका आणि परीक्षा द्या. आपल्याच माणसावर सारख्या गोळ्या झाडल्यात तर थेट लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगाची कोठडी. पण त्याची खरी कमाल दोन्ही बाजू दाखवण्याच्या पद्धतीत होती. दोन्ही संघ स्वतःला अमेरिकी सैनिक म्हणून पाहायचे. माझ्या पडद्यावर मी अमेरिकी आणि समोरचा हल्लेखोर. समोरच्याच्या पडद्यावर नेमकं उलटं. माझ्या हातातली एम१६ त्याला एके-४७ दिसायची. जगातल्या कुठल्याही मुलाने लॉग-इन केलं तरी त्याला शत्रूच्या बाजूने उभं राहता येत नव्हतं, आणि बहुतेकांना याचा पत्ताही नसायचा. याच गेममध्ये २००६ पासून जोसेफ डीलॅप नावाचा कलाकार 'डेड-इन-इराक' या नावाने शिरायचा, बंदूक खाली टाकायचा आणि इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावं, हुद्दे, तारखा चॅटमध्ये टाइप करत राहायचा. बाकीचे त्याला शिव्या घालायचे, गोळ्या घालायचे, हाकलायचे. तो परत यायचा.

हिजबुल्लाने २००३ मध्ये 'स्पेशल फोर्स' काढला, त्यात नेमबाजीच्या सरावाला इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान एरियल शॅरॉन यांचं चित्र लावलेलं. चिनी लष्कराने 'ग्लोरियस मिशन' बनवून घेतला. भारतात पबजीवर बंदी येताच 'फौजी'ची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ ला गलवानच्या चकमकीवरचा तो गेम आला. तुफान नोंदणी झाली, आणि तेच ते ठोसे मारून लोक इतके कंटाळले की मानांकन धडाधड खाली आलं. ज्यांना आधीच पटलेलं आहे तेच असे गेम उतरवून घेतात. ठोसा मारायला मजा येत नसेल तर देशभक्ती तो गेम फार दिवस फोनवर टिकवू शकत नाही. मॉडर्न वॉरफेअर लोक मजेसाठी घेतात, पदरचे पैसे मोजून, आणि वर्षभर ठेवतात. म्हणून मला तो जास्त परिणामकारक वाटतो.

लष्करांनाही हे उमगलेलं दिसतं. स्वतःचा गेम बंद होण्याच्या आधीच, २०१८ मध्ये, अमेरिकी लष्कराने स्वतःची ई-स्पोर्ट्स टीम उभी केली. सैनिक ट्विचवर, म्हणजे गेम खेळताना थेट दाखवणाऱ्या साइटवर, बसून लोकप्रिय गेम खेळणार, पोरं गप्पा मारायला येणार. २०२० मध्ये चॅटमध्ये कुणी युद्धगुन्ह्यांबद्दल विचारलं की त्याला ब्लॉक करायला सुरुवात झाली, तेव्हा नागरी हक्कवाल्यांनी आक्षेप घेतला. त्याच सुमारास 'कंट्रोलर जिंका' म्हणून दिलेली लिंक थेट भरतीच्या फॉर्मवर नेते हे उघड झालं आणि ट्विचने ती काढायला लावली. इतका ओबडधोबड डाव बघून मला हसूच आलं होतं.

दुसऱ्या टोकाचा अनुभव 'आर्मा ३'चा. हा गेम इतका खरा दिसतो की खऱ्या युद्धांच्या बातम्यांत त्याचे व्हिडिओ खपवले जातात. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हला 'हे आमच्या गेमचं चित्रण आहे, कसं ओळखावं बघा' असं जाहीर सांगावं लागलं. थोडक्यात, प्रचारासाठी वेगळा गेम बनवायचीही गरज उरलेली नाही. पण याच 'आर्मा ३'चा २०१७ चा 'लॉज ऑफ वॉर' हा भाग रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीबरोबर मिळून केलेला आहे. त्यात आपण युद्ध संपल्यावर सुरुंग काढणारा माणूस असतो. संथ काम आहे. गुडघ्यावर बसायचं, डिटेक्टर फिरवायचा, न फुटलेला क्लस्टर बॉम्ब सापडला की निकामी करायचा, आणि हे इथे कुणी टाकलं ते आठवायचं. हाही एक संदेशच आहे, रेड क्रॉसचा, आणि त्याला प्रचार म्हणायला माझी हरकत नाही. फरक एवढाच की इथे मारा करून झाल्यावर नकाशा पुसला जात नाही. २००३ मध्ये गोन्झालो फ्रास्काने 'सप्टेंबर १२' या चिमुकल्या ब्राउझर गेममध्ये हेच केलं होतं: बाजारात फिरणाऱ्या दहशतवाद्यावर क्षेपणास्त्र सोडा, ते उशिरा पोचतं, शेजारचे मरतात, रडायला जमलेल्यांतले काही नवे दहशतवादी होतात. एकही संवाद नाही, तरी मुद्दा पोचतो.

मग महिनोन्‌महिने खेळून माझं मत बदललं का? रशियाबद्दल नाही, अमेरिकेबद्दलही नाही. पण आता बातमीत वरून काढलेलं करडं चित्रण आलं, पांढऱ्या आकृत्या धावताना दिसल्या, की माझी नजर आधी नेम शोधते. कुठली रायफल कुठल्या देशाची हे झोपेतून उठवलं तरी सांगेन; उर्झिकस्तानचे लोक काय खातात, कुठली भाषा बोलतात, कशावर भांडतात, हे इतके तास त्यांच्या गल्ल्यांतून फिरूनही ठाऊक नाही. वॉरझोनमध्ये, म्हणजे याच मालिकेच्या फुकट ऑनलाइन गेममध्ये, मेलो की आम्ही 'गुलागमध्ये गेलो' म्हणतो, कारण मेलेला खेळाडू तुरुंगात जाऊन दुसऱ्याशी लढतो आणि जिंकला तर परत येतो. सोव्हिएत छळछावण्यांचं नाव आमच्यात आता 'दुसरी संधी' या अर्थाने रुळलंय.

तर घ्यावा का? शूटर आवडत असेल तर सेलची वाट बघून जरूर घ्या. कॅम्पेन सोडू नका, संवाद स्किप करू नका, आणि जमलं तर त्याला लागूनच 'लॉज ऑफ वॉर' खेळा; दोन्हींत मिळून जे दिसतं ते एकट्यात दिसत नाही. शाळकरी मुलांना देऊ नका, 'क्लीन हाउस' तर मुळीच नाही. माझं मल्टिप्लेअर चालूच आहे. व्हाइट फॉस्फरस बक्षिसांच्या यादीतून काढून त्या जागी क्रूझ मिसाइल लावलंय. त्याला ५ च जण टिपावे लागतात, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त कामी येतं.