ड्रॅगन भट्टीच्या नावाखाली 6,300 युआनला गंडलो

लिहायलाच लाज वाटते, कारण मी स्वतः हीट ट्रीटमेंटवाला, म्हणजे धातू भट्टीत तापवून कडक-नरम करणारा. अकरा वर्षं भट्ट्यांसमोर काढली, आधी चाकण आणि आता चीनमध्ये सुझौ, आणि फसलो कशात तर भट्टीत.

सुट्टीत इथल्याच यीशिंग शहरातल्या डिंगशू गावी गेलो होतो. झीशा म्हणजे जांभळट मातीच्या चहाच्या किटल्या तिथल्याच. मिंग काळातली ड्रॅगन भट्टी अजून चालू आहे, 43 मीटर लांब, उतारावर पसरलेली, खालच्या तोंडाला जाळ लावायचा आणि बाजूच्या भोकांतून सरपण टाकत टाकत आग वर चढवायची, ड्राफ्ट, म्हणजे हवेची ओढ, उतारच देतो. बघून खुळावलो. बाहेर एक गोडबोल्या टपलेलाच होता, इंग्लिश येणारा. दुकानात नेलं, चहा पाजला, "ड्रॅगन भट्टीतली, लाकडावर भाजलेली" म्हणून एक किटली 4,800 युआनला गळ्यात मारली, वर पुढच्या भाजणीत माझ्या नावाची दुसरी ठेवायला 1,500 ॲडव्हान्स. आपले पंचाहत्तर हजार झाले हो!

आता मला कुठे कळायला हवं होतं ते ऐका. तो म्हणाला किटली सॅगरमध्ये, म्हणजे झाकणाच्या मातीच्या डब्यात ठेवून भाजलीय. आणि लगेच तोटीखालचा डाग दाखवून म्हणाला, ही बघा उडालेली राख बसलीय. अरे डबा असतोच राख बसू नये म्हणून! आणि मी, भट्टीवाला, मान डोलावतोय. शेल्फवरच्या दुसऱ्या किटलीवर तस्साच डाग, त्याच जागी, त्याचा फोटोपण मीच काढलाय, बघितला की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

पण माझ्या जागी कोणीही फसलं असतं. आजकाल बहुतेक माल इलेक्ट्रिक नाहीतर गॅस भट्टीत भाजतात, नुसतं बघून भट्टी ओळखणं सोपं नाही. आणि इलेक्ट्रिक म्हणजे वाईट असंही नाही, टेंपरेचर उलट जास्त हातात राहतं. इलेक्ट्रिकची म्हणून विकली असती तर माझं काही म्हणणंच नव्हतं.

सोमवारी कंपनीतल्या चिनी मित्राने किटलीच्या आत बोट फिरवलं आणि हसायलाच लागला. साच्यात पातळ माती ओतून केलेली, हाताने घडवलेली नाहीच! तीच किटली, तोच डाग, ऑनलाइन 168 युआन. सर्टिफिकेट दिलं होतं ते कुणीही छापेल, त्यावर जाऊ नका.

मग तक्रार. पोलीस म्हणाले हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक हेल्पलाइनला जा. हेल्पलाइनचा फॉर्म पासपोर्ट नंबरच घेईना, चिनी ओळखपत्राचे अठरा आकडे पाहिजेत. मित्राच्या नावाने भरला तर म्हणे खरेदी त्याची नाही. पावतीवर फक्त "हस्तकला वस्तू" लिहिलंय, भट्टीचा उल्लेख नाही, म्हणून फसवणूक सिद्ध होत नाही. पेमेंट ॲपवाले म्हणतात पैसे तुम्हीच पाठवले, तेही दुकानाला नाही, माणसाच्या पर्सनल क्यूआरला. (हो, तेही माझंच चुकलं. दुकानाचाच कोड मागा.) चार वेळा फोन, दोनदा अर्धी रजा, आणि शेवटी मेसेज काय, तर तक्रार निकाली, सेवेला किती स्टार देणार?

पावतीवर "ड्रॅगन भट्टी, लाकडावर भाजलेली" हे चिनीत लिहून घ्या, नाही लिहिलं तर उठून या, चहा प्यायलाय म्हणून लाजू नका. झाकण काढून आत बघा, साच्यातली तर नाही ना. आणि "पुढच्या भाजणी"साठी दमडी देऊ नका, माझी दुसरी किटली अजून भट्टीतच आहे म्हणे.