सोंडकिड्यांचा वंशेतिहास: वाट जीवाश्मांची धरावी की जनुकांची?

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांपैकी दरवर्षी एकदोघे तरी हा प्रश्न घेऊन येतात की, सोंडकिड्यांच्या उत्क्रांतीवर काम करायचे झाल्यास दगड शोधावेत की डीएनए वाचावा. यंदा प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी वर्धा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली आहे आणि येताना तिने घरच्या कणगीतली ओंजळभर ज्वारी कागदात बांधून आणली होती. हा आढावा मुख्यतः तिच्यासाठी लिहीत आहे.

ती ज्वारी पांढऱ्या कागदावर पसरताच दाण्यांतून बाहेर पडलेले सोंडकिडे पाय पोटाशी ओढून मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले. भिंगाखाली धरलेला किडा जेमतेम तीन मिलिमीटरचा होता. पाठीवर चार तांबूस ठिपके, पुढे काढलेली बारीक सोंड आणि त्या सोंडेवर कोपरातून मुडपल्यासारख्या दोन स्पर्शिका स्पष्ट दिसत होत्या. ही सोंड रस शोषण्याची नळी नव्हे. तिच्या टोकाला चावणारे जबडे असतात. मादी त्यांनी दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते, त्यामुळे बिनपायाची अळी दाण्याच्या आतच सुरक्षित वाढते. वनस्पतीच्या आत अंडे पोहोचवण्याची ही युक्ती या गटाच्या यशाचे एक मोठे कारण मानली जाते, आणि आजवर नोंदलेल्या सोंडकिड्यांच्या प्रजाती साठ हजारांच्या वर आहेत. (तुरीला आणि हरभऱ्याला भोके पाडणारा भुंगेरा मात्र यांच्यातला नाही. इंग्रजीत त्यालाही पुष्कळदा 'वीव्हिल', म्हणजे सोंडकिडाच म्हणतात, पण तो पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला आहे. ही गफलत प्रबंधांतही आढळते.)

जीवाश्मांच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा काळाचा आहे. कझाकस्तानातील कराताऊ येथील जुरासिक काळातले, म्हणजे सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचे सोंडकिडे थरांत दबलेल्या ठशांच्या रूपाने मिळाले आहेत. ब्राझीलमधील क्रातो येथील चुनखडीतून जुरासिकनंतरच्या क्रिटेशस काळाच्या पूर्वार्धातले, तर म्यानमारच्या अंबरमधून, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या राळेतून, सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचे सोंडकिडे हाती आले आहेत. अंबरमधल्या किड्याच्या पायावरचे केससुद्धा मोजता येतात. यांतले कित्येक प्रकार पुढे वंश न ठेवता नष्ट झाले. आजच्या जिवंत किड्यांचे कितीही डीएनए वाचले, तरी असे काही प्रकार कधी होते हे त्यातून कळणार नाही.

पण दगड फसवतातही. किरगिझस्तानातील मादिगेन येथे जुरासिकच्याही आधीच्या ट्रायासिक काळातले सोंडवाले भुंगेरे मिळाले, तेव्हा काहींनी त्यांना आद्य सोंडकिडे ठरवले. आज बहुतेक तज्ज्ञ त्यांना या वंशात धरत नाहीत, कारण सोंडेसारखा अवयव वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणेही तयार होऊ शकतो. उलट, सालीखाली बोगदे करणाऱ्या भुंगेऱ्यांना सोंड जवळजवळ नसतेच आणि त्यांना दीर्घकाळ वेगळे कुळ मानले जात होते. जनुकीय पुराव्याने त्यांना सोंडकिड्यांच्या मुख्य कुळातच बसवले. सोंड असूनही सोंडकिडा नसणे आणि सोंड नसूनही सोंडकिडा असणे, ही दोन उदाहरणे मी वर्गात नेहमी एकापाठोपाठ सांगतो, कारण दोन्ही वाटांचे बळ आणि उणेपण त्यांत एकदमच दिसते.

जनुकांच्या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे २००९ साली डुएन मॅकेना आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास. सर्व कुळांतील व उपकुळांतील नमुने घेऊन, प्रत्येकाचा सुमारे आठ हजार अक्षरांचा डीएनए त्यांनी ताडून पाहिला. त्यातून दिसले ते असे की, या वंशाच्या फांद्या सुमारे १६.६ कोटी वर्षांपूर्वी, सूचिपर्णी झाडांसारख्या अनावृतबीजी वनस्पतींवर फुटू लागल्या. पुढे फुलझाडे आली आणि सोंडकिडे त्यांच्यावर गेलेही, पण तेवढ्याने त्यांची संख्या लगेच फोफावली नाही. प्रजातींचा खरा भडका ११.२ ते ९.३५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात उडाला, जेव्हा फुलझाडांनी भूभाग व्यापायला सुरुवात केली. 'फुले आली आणि किडे वाढले' एवढ्या सरळ गोष्टीला या विलंबाने छेद दिला, म्हणून मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

आता या निष्कर्षातल्या वर्षांकडे नीट पाहावे. डीएनएतील फरकांवरून कोण कोणाच्या किती जवळचा हे कळते, पण फरकांना वर्षे चिकटवायची तर वंशवृक्षाच्या काही फांद्यांवर ज्ञात वयाचे जीवाश्म टांगावे लागतात. जीवाश्म एवढेच सांगतो की, त्या काळापर्यंत हा गट अस्तित्वात आलेला होता. आधी केव्हा आला हे तो सांगत नाही. म्हणजे जनुकांनी दिलेली तारीख बऱ्याच अंशी दगडांकडून उसनी घेतलेली असते, आणि चुकीचा जीवाश्म चुकीच्या फांदीवर टांगला की सगळा वृक्ष कोट्यवधी वर्षांनी मागेपुढे सरकतो.

जनुकांनीच सांगता येईल अशी गोष्ट पाहायची तर कणगीकडे परत यावे लागते. तांदूळ-ज्वारीतल्या सोंडकिड्याच्या शरीरात एक सहजीवी जीवाणू राहतो. किड्याला कडक कवच घडवण्यासाठी टायरोसिन हे अमिनो आम्ल लागते आणि ते पुरवण्यात या जीवाणूचा वाटा असतो. कवच तयार झाले की प्रौढ किडा आपल्या आतड्यालगतचे हे जीवाणू मोडीत काढतो. काम सरो नि वैद्य मरो, याचे इतके शब्दशः उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही. सोंडकिड्यांच्या वंशात कोट्यवधी वर्षे मुरलेल्या एका जुन्या जीवाणूची जागा या जीवाणूने घेतली. त्याच्या जनुकसंचावरून काढलेला अंदाज असा की, हे घडले सुमारे २८ हजार वर्षांपूर्वी, म्हणजे माणसाने धान्य साठवायला लागण्याच्या पुष्कळ आधी. असा बदल कोणत्याही दगडात उमटत नाही.

दोन्ही वाटा एकाच नमुन्यात जुळवण्याचा प्रयत्नही झाला. १९९३ साली लेबनॉनच्या अंबरमधील, १२ ते १३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या सोंडकिड्यातून डीएनए मिळाल्याचा दावा प्रसिद्ध झाला आणि त्याची मोठी चर्चा झाली. पुढे इतरांनी अंबरमधल्या कीटकांवर केलेल्या प्रयत्नांत असे काही हाती लागले नाही, आणि त्या क्रमांच्या, म्हणजे वाचलेल्या डीएनए-अक्षरांच्या मांडणीच्या, फेरतपासणीत बाहेरून शिरलेल्या डीएनएचा संशय बळावला. इतका जुना डीएनए टिकत नाही, हे आज सर्वमान्य आहे.

बाहेरचा डीएनए किती सहज शिरतो हे मी स्वतः अनुभवले आहे. आमच्या पहिल्या तुकडीतले किडे मी शुद्ध अल्कोहोलऐवजी कपाटातल्या साध्या स्पिरिटमध्ये ठेवले. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, भारनियमनामुळे फ्रिजचाही उपयोग नव्हता, आणि महिन्याभराने हाती आलेला क्रम किड्याचा नसून बुरशीचा निघाला. त्यात खर्चलेले पैसे माझ्याच हलगर्जीपणाने गेले.

विदर्भात राहून कोणती वाट परवडते, हाही विचार करावा लागतो. आपल्याकडे दगडांचा वारसा आहे. नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतून मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात जीवाश्म गोळा केले आणि १८६० साली अँड्र्यू मरे यांनी नागपूरच्या जीवाश्म कीटकांवर टिपण लिहिले, त्यात भुंगेऱ्यांची पंखकवचे होती. वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावच्या गारगोटीसारख्या दगडांत वनस्पतींचे अवशेष सापडतात. परंतु हे थर लाव्हाच्या दोन प्रवाहांमधले, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, आणि सोंडकिड्यांची कुळे तोवर वेगळी होऊन गेली होती. त्यामुळे मूळ उगमाचा प्रश्न इथल्या दगडात सुटणार नाही. त्या काळी इथल्या बिया कोण पोखरत होते, एवढा छोटा पण चांगला प्रश्न मात्र सुटू शकेल. म्यानमारच्या अंबरकडे वळण्याचा मोह होतो, पण काचिन प्रांतातल्या संघर्षामुळे तो व्यापार वादग्रस्त आहे. जवळचे अंबर म्हणजे गुजरातमधल्या वस्तान खाणीचे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे.

जनुकांच्या वाटेला प्रयोगशाळा लागते, ती गावात नसते. पण नमुने मात्र गावातच असतात, आणि जगभरच्या संशोधकांनी वाचलेले क्रम जेनबँक या सार्वजनिक ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतात. साध्या लॅपटॉपवर ते उतरवून वंशवृक्ष काढण्याचा सराव एक पैसा न खर्चता करता येतो. म्हणून या विद्यार्थिनीने जनुकांची वाट धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अट एवढीच की, पहिले सहा महिने तिने भिंगाखाली किडे ओळखण्यात घालवावेत, कारण कालमापनासाठी कोणता जीवाश्म कोणत्या फांदीवर टांगायचा हे ठरवताना स्पर्शिकेचे कोपर आणि पंखकवचावरच्या रेघाच उपयोगी पडतात. दगडांची खरोखर ओढ असलेल्याने मात्र भूशास्त्राच्या विभागाकडे वळावे; प्राणिशास्त्रात राहून तो अभ्यास अर्धवट होतो.

तिने आणलेल्या ज्वारीतले निम्मे किडे आम्ही शुद्ध अल्कोहोलमध्ये टाकले. उरलेले कागदी त्रिकोणांच्या टोकांवर चिकटवले, कारण एवढ्या लहान किड्यातून टाचणी आरपार घालता येत नाही. अल्कोहोलमधले किडे चिरडण्याची गरज नाही. विकराच्या (एन्झाइमच्या) द्रावणात रात्रभर बुडवून डीएनए काढला तरी कवच शाबूत राहते, आणि सकाळी ते धुऊन त्याच त्रिकोणावर, त्याच क्रमांकाखाली चिकटवता येते.